शेतकऱ्याच्या घरातील तारांचे संगणक-जाळे : आखणी, जोडणी आणि विजेपासून बचाव

मुळशी तालुका हा भाताचा तालुका. तालुक्याच्या पूर्वेकडील हिंजवडी, माण, मारुंजी या गावांतही पूर्वी खरिपात सगळीकडे भातखाचरे दिसत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारल्यानंतर या गावांचे रूप पालटले. अनेक कुटुंबांनी उरलेल्या जागेत खोल्या बांधून त्या नोकरदारांना भाड्याने दिल्या. काहींनी त्याबरोबर गोठा, भाजीपाला किंवा रोपवाटिकाही चालू ठेवली. त्यामुळे एकाच आवारात राहते घर, भाड्याच्या खोल्या, गोठा आणि विहिरीवरील पंपघर असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली. खोली पाहायला येणारा भाडेकरू आता पाण्याबरोबर इंटरनेटची सोय विचारतो. घरधन्यालाही सातबारा, ई-पीक पाहणी, बाजारभाव, दुधाचा हिशोब आणि मुलांचा अभ्यास यासाठी इंटरनेट लागते. गरज वाढली की वायरी वाढतात, आणि त्या बहुधा नियोजनाशिवाय वाढतात. खिडकीतून एक, गच्चीवरून दुसरी, विजेच्या खांबाला बांधून तिसरी, असा गुंता तयार होतो. पहिल्या वळवाच्या पावसात वीज कडाडली की राउटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आणि संगणक एकाच वेळी जळतात. क्वचित प्रसंगी माणसाच्या किंवा जनावराच्या जिवावरही बेतते.

हे नुकसान टाळता येते. त्यासाठी एक सूत्र लक्षात ठेवावे : एका छपराखाली तांब्याची तार, दोन छपरांमध्ये काचेची तार. या सूत्रानुसार घरातील जाळे कसे उभारावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

जाळे म्हणजे काय?

घरातील संगणक, छपाईयंत्र, टीव्ही, कॅमेरे इत्यादी उपकरणे एकमेकांशी आणि इंटरनेटशी जोडणे म्हणजे जाळे. ठिबक सिंचन वापरणाऱ्या शेतकऱ्यास ही रचना चटकन समजेल.

१. इंटरनेट कंपनीची फायबर केबल ही मुख्य वाहिनी. ती जेथे संपते तो डबा कंपनी बसवून देते.
२. राउटर हे फिल्टर व व्हॉल्व्हचे ठिकाण. बाहेरचे काय आत घ्यावे आणि काय नाही, हे तो ठरवतो.
३. स्विच ही उपवाहिनी. तेथून प्रत्येक खोलीकडे फाटे निघतात.
४. खोलीत जाणारी केबल ही लॅटरल.

यात एक फरक आहे. ठिबकच्या एका लॅटरलवर अनेक ड्रिपर बसतात. येथे मात्र प्रत्येक जागेसाठी स्विचपासून स्वतंत्र, अखंड केबल टाकावी लागते. केबलला मध्येच जोड देऊन दुसरा फाटा काढता येत नाही.

या पद्धतीस इथरनेट म्हणतात. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी तिचा पाया घातला. सुरुवातीच्या जाळ्यात सर्व संगणक एकाच जाड केबलवर असत आणि पाटाच्या पाण्यासारखी प्रत्येकाला पाळीची वाट पाहावी लागे. एकाच वेळी दोघांनी माहिती सोडली तर ती एकमेकांवर आदळून वाया जाई. आजच्या स्विचमुळे प्रत्येक उपकरणाला स्वतःची वाहिनी मिळते आणि ही अडचण उरत नाही. १९९० मध्ये पीळ दिलेल्या तारांच्या केबलचे मानक आले. घरात वापरली जाणारी केबल आजही त्याच घराण्यातील आहे.

वायफाय असताना तार कशासाठी?

मोबाइलसाठी वायफाय सोयीचेच आहे. परंतु हिंजवडीसारख्या दाट वस्तीत त्यावर सर्व भार टाकू नये. याची कारणे खालीलप्रमाणे :

• काँक्रीटचा स्लॅब व लोखंडी सळया वायफायच्या लहरी अडवतात. तळमजल्यावरील राउटर दुसऱ्या मजल्यावर क्षीण होतो.
• वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांना न छेदणारे मार्ग केवळ तीन, म्हणजे १, ६ व ११ क्रमांकाचे आहेत. शेजारीपाजारी पंधरा-वीस राउटर असले की सर्वांना त्याच तीन मार्गांवर गर्दी करावी लागते.
• कॅमेरे दिवसरात्र चित्र पाठवतात. ते तारेवर असल्यास मोबाइलसाठी वायफाय मोकळे राहते.

म्हणून जे उपकरण जागचे हलत नाही त्यास तार द्यावी आणि जे हातात फिरते त्यास वायफाय द्यावे.

आखणी : गिलाव्याआधीच

जाळ्याचा खरा खर्च केबलचा नसून भिंत फोडण्याचा असतो. घर बांधताना विटकाम झाल्यावर व गिलावा होण्यापूर्वी पाइप टाकून घ्यावेत. जुन्या घरात भिंतीवरून प्लॅस्टिकची पट्टी बसवून केबल न्यावी.

प्रथम घराचा साधा नकाशा काढावा. तळमजल्यावर कोरडी, हवेशीर व उंदीर पोहोचणार नाही अशी जागा निवडून तेथे एक लहान कपाट बसवावे. कंपनीचा डबा, राउटर व स्विच तेथेच ठेवावे. न्हाणीघराची ओली भिंत, खतांची खोली आणि पंपाच्या स्टार्टरशेजारची जागा टाळावी.

उदाहरणादाखल तीन मजली घर घेऊ. तळमजल्यावर कुटुंब राहते. वरील दोन मजल्यांवर प्रत्येकी चार खोल्या भाड्याने दिल्या आहेत. गोठा घरापासून ६० मीटरवर आणि विहिरीवरील पंपघर १४० मीटरवर आहे.

तक्ता : केबलचा हिशोब

तळमजला : माजघर २ (टीव्ही व वायफाय), हिशोबाची खोली २ (संगणक व छपाईयंत्र), अभ्यासाची खोली १, पुढचा व मागचा कॅमेरा २. एकूण ७ जागा × सरासरी १२ मीटर = ८४ मीटर.
पहिला मजला : खोल्या ४, जिन्यातील कॅमेरा १. एकूण ५ जागा × १६ मीटर = ८० मीटर.
दुसरा मजला : खोल्या ४, जिन्यातील कॅमेरा १. एकूण ५ जागा × २० मीटर = १०० मीटर.
बेरीज : १७ जागा, २६४ मीटर. त्यात १० टक्के वाढावा मिळवून सुमारे २९० मीटर.

केबलची पेटी ३०५ मीटरची येते. म्हणजे एका पेटीत हे घर पूर्ण होते. गोठा व पंपघर यांचा समावेश या हिशोबात केलेला नाही. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

स्विच किती तोंडांचा घ्यावा? भाडेकरूंच्या आठ केबली घरधन्याच्या स्विचला जोडावयाच्या नाहीत. तळमजल्याच्या ७ जागा, जिन्यातील २ कॅमेरे, राउटरसाठी १ आणि गोठ्याकडे जाणाऱ्या वाहिनीसाठी १ अशी ११ तोंडे लागतात. म्हणून १६ तोंडांचा स्विच पुरेसा होतो आणि पुढील वाढीस पाच तोंडे शिल्लक राहतात.

केबलची पारख

बियाणे घेताना आपण पिशवीवरील लेबल वाचतो. केबल घेतानाही तेच करावे.

१. कॅट-५ई किंवा कॅट-६ प्रतीची केबल घ्यावी. दोन्हींवर सेकंदाला एक गिगाबिट वेग १०० मीटरपर्यंत मिळतो. नव्या घरात कॅट-६ टाकणे इष्ट, कारण भिंतीतील केबल वारंवार बदलता येत नाही.
२. केबल शुद्ध तांब्याची असावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते. ॲल्युमिनियमची वीजवहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असते. अशी तार कॅमेऱ्याला वीज पुरवताना जास्त तापते, आणि वाकवताना लवकर तुटते. पारख सोपी आहे. तारेचे टोक पात्याने खरवडावे. आत पांढरी चमक दिसल्यास ती केबल नाकारावी. शुद्ध तांब्याची पेटी वजनालाही जड लागते.
३. भिंतीत टाकण्यासाठी एकसंध तारेची केबल घ्यावी. भिंतीतील खोक्यापासून संगणकापर्यंत मात्र बारीक तारांच्या पदराची, तयार टोकांची लवचिक केबल वापरावी.
४. बाहेरच्या भिंतीवर उन्हात टिकणारी, काळ्या आवरणाची केबल वापरावी. आतली साधी केबल उन्हाने तडकते.

केबल टाकण्याची पद्धत

• तांब्याच्या केबलची कमाल लांबी १०० मीटर समजावी. यात भिंतीतील ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या लवचिक केबली मिळून १० मीटर धरतात.
• विजेच्या वायरी व संगणकाची केबल एका पाइपमधून कधीही नेऊ नये. दोन्ही समांतर जात असल्यास किमान ३० सें.मी. अंतर ठेवावे. ओलांडणे भाग पडल्यास काटकोनात ओलांडावे.
• २५ मि.मी. पाइपमधून चारपेक्षा जास्त केबली नेऊ नयेत. प्रत्येक पाइपमध्ये एक नायलॉनची दोरी सोडून ठेवावी. पुढे नवी केबल ओढण्यास ती उपयोगी पडते.
• केबल झटका देऊन ओढू नये. ओढीचा जोर ११ किलोच्या वजनापेक्षा जास्त झाल्यास आतील पीळ बिघडतो. कोपऱ्यात किमान २५ मि.मी. त्रिज्येचा गोल वळसा द्यावा.
• बाहेरून आत येणारी केबल भोकाच्या खाली वळसा देऊन मग वर घ्यावी, म्हणजे पावसाचे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जाते. भोकाचा उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा.
• प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावावा. कलमांच्या वाफ्याला पाटी नसली तर जात ओळखता येत नाही, तसेच येथेही होते.

टोक बसविणे

केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. हा पीळच बाहेरचा अडथळा निवारतो. म्हणून टोकाशी पीळ १३ मि.मी.पेक्षा जास्त उलगडू नये.

टोकाची खिट्टी खाली व तोंड आपल्याकडे धरल्यास डावीकडून रंगांचा क्रम असा ठेवावा : १) पांढरा-नारिंगी २) नारिंगी ३) पांढरा-हिरवा ४) निळा ५) पांढरा-निळा ६) हिरवा ७) पांढरा-तपकिरी ८) तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम असावा.

काही कारागीर दोन्हीकडे सारखा पण मनाचा क्रम लावतात. तपासणी यंत्राचे आठही दिवे लागतात आणि काम झाले असे वाटते. परंतु ३ व ६ या जागी एकाच जोडीच्या तारा नसल्यास पिळाचा फायदा जातो, वेग घटतो आणि जोडणी मधूनमधून तुटते. म्हणून केवळ दिव्यांवर विसंबू नये, रंगही पाहावेत.

तसेच संगणक १००० ऐवजी १०० मेगाबिटचा वेग दाखवीत असल्यास टोक पुन्हा बसवावे. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. म्हणजे एखादी जोडी तुटली आहे, असे समजावे.

कॅमेऱ्याला केबलमधूनच वीज

२००३ मध्ये आलेल्या मानकानुसार संगणकाच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देता येते. त्यामुळे भिंतीवर वेगळा विजेचा बोर्ड लागत नाही. अशा स्विचचे प्रत्येक तोंड १५.४ वॅटपर्यंत वीज देते. वरील उदाहरणातील चार कॅमेऱ्यांसाठी जास्तीत जास्त ६१.६ वॅट लागतील. स्विचची एकूण क्षमता याहून जास्त आहे ना, हे लेबलवर पाहून घ्यावे.

दोन छपरांमध्ये तांबे का नको?

गोठा ६० मीटरवर आहे, म्हणजे १०० मीटरच्या आतच आहे, मग तांब्याची केबल का टाकू नये, असा प्रश्न साहजिकच पडेल. याचे उत्तर अंतरात नाही, ते जमिनीत आहे.

शेतात वीज पडली म्हणजे तिचा प्रवाह जमिनीत शिरून सर्व दिशांना पसरतो. पडलेल्या जागेजवळ जमिनीचा विद्युतदाब फार जास्त असतो आणि दूर जावे तसा तो घटतो. झाडाखाली उभी असलेली जनावरे यामुळेच दगावतात. जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने दोन ठिकाणच्या दाबातील फरक त्याच्या शरीरातून वाहतो.

गोठ्याचे अर्थिंग आणि घराचे अर्थिंग हे या जनावराच्या दोन पायांसारखेच आहे. दोन्हींच्या दरम्यान तांब्याची केबल टाकली म्हणजे आपण स्वतःच दोन पायांमध्ये वाट करून देतो. गोठ्याजवळ पडलेल्या विजेचा धक्का केबलमधून घरातील स्विचला आणि तेथून प्रत्येक उपकरणाला बसतो. त्या क्षणी संगणकाला हात लावलेला असेल तर माणसालाही धोका असतो. वीज पडली नाही तरी अर्थिंगमध्ये दोष असल्यास किंवा पंपाच्या तीन फेज जोडणीत बिघाड झाल्यास हाच प्रकार घडू शकतो.

काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यातून केवळ प्रकाश जातो. म्हणून घर ते गोठा व घर ते पंपघर फायबर केबल टाकावी. सिंगल मोड फायबर कित्येक किलोमीटर चालते, त्यामुळे १४० मीटरचा प्रश्नही त्याच वेळी सुटतो. फायबर टाकताना पुढील काळजी घ्यावी :

१. केबलमध्ये धातू नसावा. आधारासाठी पोलादी तार असलेली केबल वापरल्यास ती तार छपराबाहेरच संपवावी. ती घरात आणली तर फायबर टाकण्याचा हेतूच फसतो.
२. बांधाच्या कडेने ७५ सें.मी. खोल चर घेऊन एचडीपीई पाइपमधून केबल न्यावी, म्हणजे नांगराचा फाळ व उंदीर यांपासून ती सुरक्षित राहते. पाइपवर ३० सें.मी. माती टाकून त्यावर रंगीत सूचनापट्टी अंथरावी. पंपाची विजेची केबल त्याच पाइपमध्ये घालू नये.
३. दोन्ही टोकांना प्रकाशाचे विद्युतसंदेशात रूपांतर करणारे डबे लागतात. एकाच तंतूवर चालणारे डबे जोडीने घ्यावेत. त्यांची एक बाजू 'ए' व दुसरी 'बी' असते. दोन्ही 'ए' आणल्यास जोडणी होत नाही.
४. फायबरची टोके जोडण्याचे काम यंत्राने होते. ते स्थानिक केबल कारागिराकडून करून घ्यावे.
५. चालू फायबरच्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. काचेचे तुकडे चिकटपट्टीवर गोळा करून टाकावेत, म्हणजे ते वैरणीत जाणार नाहीत.

कोणतीही केबल महावितरणच्या खांबाला बांधू नये किंवा विजेच्या तारांखालून व वरून ताणू नये. वाऱ्याने ती तारांना टेकली तर घरातील प्रत्येक तोंडावर प्राणघातक दाब येऊ शकतो.

वीज, अर्थिंग आणि पावसाळा

कपाटातील बोर्डला तीन पिनांची जोडणी व खरे अर्थिंग असावे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडू देऊ नये. त्यात अधूनमधून पाणी घालावे. त्या वाहिनीवर ३० मिलीअँपियरचा गळतीरोधक स्विच बसवून घ्यावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करावे.

मुळशी भागात एप्रिल-मेमधील वळीव आणि ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस गडगडाटासह येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइल ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता असल्यास सूचना देते. सूचना मिळताच कपाटातील मुख्य पिन काढून ठेवावी. मात्र गडगडाट सुरू झाल्यानंतर केबली व पिना हाताळू नयेत.

वीज खंडित झाल्यावर जाळे किती वेळ चालेल, याचा हिशोब सोपा आहे. राउटर, कंपनीचा डबा, स्विच व कॅमेरे मिळून ६० वॅट लागतात असे धरू. १२ व्होल्ट १०० अँपियर-तासाच्या बॅटरीत १२०० वॅट-तास ऊर्जा असते. बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून निम्मीच वापरावी, म्हणजे ६०० राहिली. इन्व्हर्टरमधील घट वजा जाता सुमारे ४८० वॅट-तास मिळतात. त्यावर हे जाळे ८ तास चालेल. आपल्या उपकरणांच्या लेबलवरील वॅट पाहून हाच हिशोब करावा.

भाडेकरूंची जोडणी वेगळी ठेवावी

आपली एक जोडणी घेऊन ती सर्व खोल्यांना वाटण्याचा मोह होतो. तसे करू नये. घरगुती जोडणी पैसे घेऊन इतरांना देण्यास कंपन्यांच्या करारात सहसा मनाई असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या जोडणीवरून कोणी गैरप्रकार केल्यास पहिली चौकशी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे होते.

उत्तम मार्ग असा की, घरधन्याने पाइप व केबल द्यावी आणि भाडेकरूने स्वतःच्या नावावर जोडणी घ्यावी. कंपनीचा डबा तळमजल्यावरील कपाटाशेजारी बसतो आणि तेथून त्या खोलीची ठरलेली केबल वर जाते. भाडेकरू बदलला तरी भिंतीला नवे भोक पाडावे लागत नाही. चहाची टपरी किंवा दुकान असणाऱ्यास ग्राहकांसाठी वायफाय द्यावयाचे असल्यास डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेची चौकशी करावी.

क्रमांक व परवलीचे शब्द

प्रत्येक जमिनीला जसा गट नंबर, तसा जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक असतो. घरगुती जाळ्यात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. राउटर हे क्रमांक आपोआप वाटतो. छपाईयंत्र व कॅमेऱ्याचा रेकॉर्डर यांना मात्र राउटरमध्ये कायमचा क्रमांक नेमून द्यावा, म्हणजे ते दरवेळी शोधावे लागत नाहीत.

राउटर व रेकॉर्डरबरोबर कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. तो सर्वांना ठाऊक असतो. न बदलल्यास आपल्या घराचे चित्र परका माणूस पाहू शकतो. हिशोबाच्या नोंदींची प्रत दर आठवड्यास दुसऱ्या संगणकावर किंवा वेगळ्या डिस्कवर घ्यावी, आणि प्रत घेतल्यावर डिस्क काढून ठेवावी.

वारणेचा अनुभव

ग्रामीण महाराष्ट्रात संगणक-जाळ्याचा मोठा प्रयोग १९९८ मध्ये वारणानगर परिसरात झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणा सहकारी समूह यांच्या सहभागातून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे जोडण्यात आली. ऊस उत्पादकाला वजन, खते व बिलाची माहिती गावातच मिळू लागली आणि त्याची वारणानगरची फेरी वाचली. पुढे तेथील संगणकांची देखभाल खर्चिक ठरू लागली. बहुतेक शेतकऱ्यांना हवी असणारी माहितीही थोडक्यात मावणारी होती. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइल संदेशांचा वापर करून तेच काम कमी खर्चात होते, हे दाखविले.

यातून घरगुती जाळ्यासाठीही बोध घ्यावा. जेवढी गरज आहे तेवढेच जाळे उभारावे आणि जे जवळपास दुरुस्त होते तेच उपकरण घ्यावे. उदाहरणार्थ, विहिरीवरील पंप फक्त चालू-बंद करावयाचा असेल तर मोबाइलवर चालणारा स्टार्टर पुरतो. त्यासाठी १४० मीटर चर खोदण्याची गरज नाही. पंपघरावर कॅमेरा हवा असेल तरच तेथे फायबर न्यावी.

देखभाल

• दर सहा महिन्यांनी कपाटातील धूळ कोरड्या कुंचल्याने काढावी.
• पावसाळ्यापूर्वी बाहेरील केबलींचे आवरण, पाण्याचे वळसे व उंदरांचा उपद्रव पाहावा.
• जोडणी बंद पडल्यास प्रथम पिना, मग स्विचवरील दिवे, मग लवचिक केबल बदलून पाहावी. भिंतीतील केबलचा संशय शेवटी घ्यावा.
• केबलींचे क्रमांक, पाइपांचे मार्ग व चराची जागा दाखविणारा नकाशा सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवावा. पुढे बोअर किंवा पाइपलाइनसाठी खोदाई करणाऱ्यास तो आधी दाखवावा.

सारांश

गिलाव्याआधी पाइप, शुद्ध तांब्याची अखंड केबल, रंगांचा ठरलेला क्रम, दोन इमारतींमध्ये फायबर, खरे अर्थिंग आणि भाडेकरूंच्या स्वतंत्र जोडण्या, ही या कामाची सहा कलमे आहेत. खरेदीपूर्वी वरील तक्त्याप्रमाणे आपल्या घराचा हिशोब कागदावर मांडावा आणि दोन दुकानांतून दर घ्यावेत. पावसाळ्यात चर खोदणे व गिलावा दोन्ही अवघड जातात, म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनी हे काम सुगीनंतर हाती घेऊन मार्चअखेर पुरे करावे, म्हणजे वळवाच्या पहिल्या विजेपूर्वी घर सुरक्षित होईल.